दहा मिनिटांचा लौकिक

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी नांदुरा मागे टाकून जलंबजवळ आली, की डब्यात हालचाल सुरू होते. बाकाखालच्या पिशव्या ओढल्या जातात, चपला शोधल्या जातात, सुटे पैसे मुठीत येतात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "कचोरी घ्यायची तर घ्या, पण आता पूर्वीसारखी राहिली नाही." कचोरीइतकीच ही तक्रारही या मार्गावरची जुनी प्रवासी आहे. बुलढाणा जिल्ह्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. लोणारचं सरोवर आहे, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे, खामगावचा चांदीचा बाजार आहे. पण जिल्ह्याबाहेरच्या माणसाच्या तोंडी चटकन येतात त्या दोनच गोष्टी: शेगावचे गजानन महाराज आणि शेगावची कचोरी. पहिल्या गोष्टीबद्दल वाद घालण्याचं कारण नाही. दुसरीबद्दल मात्र विचारायला हवं, की एका तळलेल्या पदार्थाचा सत्तर वर्षांचा लौकिक आज खरा आहे का, की आपण नुसत्या नावाला पैसे मोजतो आहोत? माझं उत्तर असं, की लौकिक खरा आहे. पण त्याला हद्द आहे, आणि ती हद्द मिनिटांत मोजावी लागते.

शेगावचं आणि अन्नाचं नातं कचोरीच्या बरंच आधीचं आहे. २३ फेब्रुवारी १८७८ हा गजानन महाराजांचा प्रकट दिन मानतात, आणि त्या दिवसाची जी गोष्ट वऱ्हाडातल्या घराघरांत सांगितली जाते ती जेवणाचीच आहे. एका घरी पंगत उठलेली, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या, आणि त्यांवरची शितं वेचून खाणारा एक दिगंबर तरुण. आजही प्रकट दिनाला भाविकांच्या घरी नैवेद्य असतो तो पिठलं-भाकरीचा आणि अंबाडीच्या भाजीचा. या गावात मैद्याची, तुपातेलातली कचोरी मुळातली कशी असेल? ती आली रेल्वेच्या आधाराने. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला होता. पुढे १९१० मध्ये महाराजांनी समाधी घेतली, शेगाव हे तीर्थक्षेत्र झालं आणि तिथे उतरणाऱ्यांची संख्या वाढत गेली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या आसपास शेगाव स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. म्हणजे ज्याला आपण आज वऱ्हाडी चव म्हणतो ती एका निर्वासिताच्या हातची आहे. यात कमीपणा काही नाही. उलट पुढचा मुद्दा कळायला याची मदतच होते. ही कचोरी कुणाच्या घरच्या सणावारातून आलेली नाही. तिचा जन्म फलाटावरचा, आणि तिचे गुणही फलाटाचेच आहेत.

ते गुण कोणते, हे कचोरी हातात घेऊनच पाहावं. राजस्थानी खस्ता कचोरी फुगीर आणि आतून पोकळ. बोटाने टोचली की कवच फुटतं आणि त्यात चटणी, दही ओतता येतं. शेगावची तशी नाही. ती बसकी आणि भरीव. मैद्याची पारी पातळ, सारणाला धरून बसलेली. आत मुगाच्या डाळीचं सारण, त्यात बडीशेप, धणे आणि तिखट जरा पुढचंच. सोबत तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. चटणीची वाटी नाही, चमचा नाही, बशी नाही. कागदाचा तुकडा पुरतो. कचोरी मधोमध मोडली तर आतून वाफ निघावी, पारीचा बारीक आवाज यावा, बोटांना तेल लागावं पण ओघळू नये. एक घास कचोरीचा, एक तुकडा मिरचीचा. उभ्याने, एका हाताने, दुसऱ्या हातात सामान धरून खाता यावी अशीच तिची घडण आहे. गाडी दोन मिनिटं थांबणार, गिऱ्हाईक खिडकीत, विकणारा खाली, असा सगळा व्यवहार लक्षात घेतला तर या पदार्थात फालतू असं काहीच सापडत नाही. ती मिरचीसुद्धा शोभेची नाही. ज्या मुलखात ठेच्याशिवाय भाकरीचा घास उतरत नाही, त्या मुलखाने परक्या कचोरीला आपलं केलं ते या मिरचीच्या जोरावर, असं मला वाटतं.

आता तळणीचं गणित पाहू. कचोरी मंद आचेवर तळावी लागते. पारीत मोहन असतं, सारणात थोडा ओलावा असतो. तेल बेताचं तापलेलं असलं तर तो ओलावा हळूहळू वाफ होऊन बाहेर पडतो. कढईत कचोरीभोवती जे बुडबुडे दिसतात ते त्याचेच. बुडबुडे मंदावले की घाणा उतरवण्याची वेळ झाली, हे झारा धरणाऱ्याला घड्याळाशिवाय कळतं. आच मोठी केली तर वरून रंग येतो आणि आतली पारी कच्ची, चिकट राहते. पण घाणा उतरला की उलटा प्रवास सुरू होतो. आत उरलेला ओलावा कोरड्या पारीत शिरू लागतो, पारी मऊ पडते. थंड होताना मैदा घट्ट होत जातो आणि तासाभराने तीच कचोरी वातड लागते. पिशवीत बांधली तर वाफ आतच कोंडते आणि हे सगळं आणखी लवकर होतं. दुसऱ्या दिवशी तव्यावर गरम केली तर ती गरम होते, ताजी होत नाही. भजी, वडा, समोसा, सगळ्यांचंच हे होतं. पण पातळ पारी आणि दमदार सारण अशी जोडी असल्यामुळे कचोरीला त्याचा फटका जास्त बसतो. तेव्हा या पदार्थाची खरी चव कढईपासून दहाएक मिनिटांत असते. त्यानंतर जे उरतं ते पोटभरीचं खाणं.

यावरून माझा मुख्य मुद्दा निघतो. शेगावच्या कचोरीचं रहस्य मसाल्याच्या एखाद्या गुप्त पुडीत शोधणारे चुकीच्या जागी शोधतात. बडीशेप आणि धणे सगळ्या बाजारात मिळतात. शेगावकडे जे आहे आणि इतर गावांकडे सहसा नसतं, ते म्हणजे घाण्यामागून घाणा संपवणारं गिऱ्हाईक. रोज गाड्यांमागून गाड्या येतात, त्यातून दर्शनाला आलेली माणसं उतरतात, गुरुवारी ती कितीतरी वाढतात. पायी आलेला माणूस भुकेला असतो आणि दर्शन घेऊन निघालेला घाईत. अशा ठिकाणी उतरलेला घाणा परातीत पडून राहत नाही. विकणाऱ्याला ताजेपणासाठी वेगळं काही करावं लागत नाही, गर्दीच ते करून घेते. हीच कृती, हाच कारागीर, हीच कढई एखाद्या आडबाजूच्या चौकात नेऊन ठेवली, जिथे दिवसाला चार घाणे खपतात, तर सकाळची कचोरी दुपारी विकली जाईल आणि लोक म्हणतील की शेगावची सर नाही. खरं तर सर नसते ती खपाची. पदार्थाचा लौकिक आपण हाताच्या गुणाला चिकटवतो. त्यातला निम्मा तरी वाटा ओघाचा असतो.

मग तक्रार कुठून येते? मला वाटतं, कचोरीपेक्षा ती खाण्याची जागा जास्त बदलली आहे. पूर्वीच्या डब्याची खिडकी उघडी असे आणि फलाटावरचा माणूस थेट हातात कागद देई. वातानुकूलित डब्याची काच उघडत नाही. दारापाशी जाऊन घ्यायची तर दोन मिनिटांत किती जण घेणार? लांब पल्ल्याच्या सगळ्याच गाड्या इथे थांबतात असंही नाही. म्हणून पुष्कळांना शेगावची कचोरी भेटते ती डब्यात फिरणाऱ्या टोपलीतून, गाव मागे पडल्यावर. दुसरीकडे रस्ता वाढला. जिल्ह्याच्या उत्तरेकडून खामगाव, नांदुरा, मलकापूर असा राष्ट्रीय महामार्ग जातो. दक्षिणेकडून २०२२ पासून समृद्धी महामार्ग वाहू लागला. मोटारीने जाणारा शेगावात थांबला तर दर्शन घेतो आणि घरच्यांसाठी डझन-दोन डझन कचोऱ्या बांधून घेतो. त्या छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. मग घरी कुणीतरी एक घास खाऊन म्हणतं, "एवढं काय नाव आहे हिचं?" त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याने खाल्लेली कचोरी खरोखरच नाव घेण्याजोगी नव्हती. मात्र शेगावात उतरलेली कचोरी आणि त्याच्या ताटातली कचोरी यांत आता फक्त नावच सारखं उरलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की सगळा भुकेचा आणि आठवणीचा खेळ आहे. रात्रभराचा प्रवास, सकाळची भूक, देवाला जातानाचं हलकं मन, यात काहीही गोड लागेल; ताजेपणाची थिअरी कशाला? आक्षेपात तथ्य आहे. पण भूक सगळ्याच स्थानकांवर लागते. भुसावळला लागते, अकोल्याला लागते, बडनेऱ्याला लागते. तिथल्या फलाटांवरही तळलेलं मिळतं, तेही भुकेल्या माणसालाच मिळतं. तरी कचोरीचं नाव शेगावालाच चिकटलं. नुसत्या भुकेने नाव होत असतं तर या मार्गावर दर पन्नास किलोमीटरला एक प्रसिद्ध पदार्थ असता. शिवाय आठवण पदार्थाला गोड करते तशी ती त्याच्यावर अन्यायही करते. लहानपणी खाल्लेली कचोरी मोठी वाटते, कारण हात लहान असतो. आज तीच आकाराने लहान झाली, असं म्हणणाऱ्याने या हाताचाही हिशेब करावा. तेव्हा आठवणीची साक्ष दोन्ही बाजूंनी कच्ची आहे. पक्की साक्ष एकच: ताज्या घाण्यावर उभं राहून खाणं. त्या कसोटीला शेगावची कचोरी आजही उतरते, असं मला वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. खप आहे म्हणून ताजेपणा आहे हे मान्य, पण खप आहे म्हणून घाईही आहे. गर्दी अंगावर आली की आच वाढवण्याचा मोह होतो. दिवसभर कढई चालू राहिली की तेच तेल पुन्हा पुन्हा तापतं. हे नाकारण्यात अर्थ नाही. तेल वारंवार तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं साठत जातात, तेल काळवंडतं, दाटतं, फेसाळतं आणि त्याचा कडवटपणा पदार्थात उतरतो. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम केला, की या संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेलेलं तेल तळणीला वापरायचं नाही. नियम कागदावर आहे. गिऱ्हाइकाजवळ मात्र डोळे आणि नाक ही दोनच उपकरणं. ती वापरावी. कढईतलं तेल काळं दिसलं, फेस बसेना, वास घशाशी आला, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, पुढच्या दुकानी जावं. पण इथेही खपाची बाजू पूर्ण पडत नाही. जिथे घाणे सारखे उतरतात तिथे कचोऱ्यांबरोबर तेलही निघून जातं आणि वरचेवर नवं ओतावं लागतं. जिथे गिऱ्हाईक तुरळक, तिथे तेच तेल दिवसभर नुसतं तापत बसतं. म्हणून गर्दीत धोका आहे हे खरं असलं, तरी सामसुमीत तो जास्त आहे. मोठ्या उत्सवाच्या दिवशी, गावात पाय ठेवायला जागा नसताना खाल्लेल्या कचोरीवरून निकाल देऊ नये, एवढी सवलत मात्र मी या आक्षेपाला देईन.

तिसरा प्रश्न नावाचा. आज पुणे, मुंबई, नागपूर, कुठेही जा, 'शेगाव कचोरी' ही पाटी दिसते. काही ठिकाणी कचोरी चांगलीही असते. मग नाव पसरलं म्हणून बिघडलं काय? उडुपी हे कर्नाटकातल्या एका देवस्थानाच्या गावाचं नाव; आपल्याकडे ते इडली-डोशाच्या हॉटेलाचं सामान्यनाम झालं आणि कुणाचं काही अडलं नाही. शेगावचंही तसंच होईल, असं म्हणता येतं. पण दोन्हींत फरक आहे. उडुपी हॉटेलाने गावाच्या नावाबरोबर एक पद्धतही आणली: मागितल्यावर तव्यावर टाकलेला डोसा, गरम सांबार, धुतलेलं टेबल. पद्धत पोचली म्हणून नाव टिकलं. 'शेगाव कचोरी'च्या पाटीमागे अनेकदा फक्त आकार आणि मिरची पोचते, घाण्याची शिस्त पोचत नाही. काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवलेली, मागितल्यावर पुन्हा तेलात बुडवून काढलेली कचोरी ही दोनदा तळलेली असते. तिला तेल सुटतं आणि सारण कोरडं पडतं. ज्याने हीच पहिल्यांदा खाल्ली, तो शेगावला जाईलच कशाला? नाव जितकं लांब जातं तितका त्याचा भार मूळ गावावर पडतो, आणि मूळ गावाच्या हातात तर काहीच नसतं.

या सगळ्याला ताडून पाहायला शेगावातच एक माप आहे, आणि ते कचोरीच्या दुकानांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गजानन महाराज संस्थानाचा महाप्रसाद. साधं जेवण: पोळी, भाजी, वरण, भात. पैसे घेत नाहीत. गर्दी किती असते हे गुरुवारी किंवा उत्सवात पाहावं. तरीही रांग सरकते, ताटं स्वच्छ असतात, वाढणारा वाढताना "माउली" म्हणतो आणि वरण गरम असतं. गर्दी वाढली म्हणून चव ढासळली, हे वाक्य तिथे ऐकू येत नाही. कुणी म्हणेल, ही तुलना अन्यायाची आहे. तिथे भक्ती आहे, सेवेकरी बिनपगारी राबतात, नफ्या-तोट्याचा प्रश्न नाही, आणि प्रसादाला नावं ठेवायची आपली रीत नाही. हे चारही मुद्दे बरोबर आहेत. पण भक्ती भरपूर आणि व्यवस्था शून्य अशी देवस्थानंही आपण पाहतो. शेगाव त्यांहून वेगळं दिसतं ते कामाची वाटणी, पाळ्या आणि झाडूपासून वाढप्यापर्यंतची शिस्त यांमुळे. संस्थानाचा कारभार अनेक वर्षं पाहिलेले शिवशंकरभाऊ पाटील यांचं २०२१ मध्ये निधन झालं तेव्हा सगळ्यांनी आठवण काढली ती या व्यवस्थेची. महाप्रसादातून कचोरीने घ्यायचा धडा भक्तीचा नाही. ज्याने आज पहिल्यांदा ताट पुढे केलं, त्याच्यासाठी तो पहिलाच घास आहे, एवढं भान हजाराव्या ताटालाही ठेवणं, हा तो धडा. पदार्थ स्वस्त असो की फुकट, लौकिक दर घाण्याला नव्याने कमवावा लागतो.

एक शेवटची शंका उरते. वडापावच्या जोडीने उभ्या राहणाऱ्या पदार्थासाठी एवढा काथ्याकूट कशाला? तर याच कारणासाठी. महागड्या हॉटेलात जेवण बिघडलं तर चर्चा करायला पैसेवाले पुष्कळ असतात. फलाटावरच्या खाण्याला टीकाकार नसतो, फक्त कुरकुर असते. आणि कुरकुरीतून विकणाऱ्याला कळत नाही, की चुकलं काय: मसाला, तेल, की नुसता वेळ. "पूर्वीसारखी राहिली नाही" या वाक्याने कुणाचीच कढई सुधारत नाही. "घाणा कधीचा आहे?" या प्रश्नाने सुधारते. दहा गिऱ्हाइकांनी हे विचारलं, तर अकरावं गिऱ्हाईक येण्याआधी ताजा घाणा पडेल.

तेव्हा निकाल असा. शेगावला उतरावं. दर्शन घ्यावं, महाप्रसादाची वेळ असेल तर तो घ्यावा. मग दुकान निवडताना पाटी वाचू नये, कढईकडे पाहावं. झारा हलत असेल, परात रिकामी असेल आणि लोक वाट पाहत उभे असतील, तर आपणही उभं राहावं. ती पाच मिनिटं कचोरीच्याच किमतीत धरावी. कचोरी हातात आली की सोबतच्या मिरचीसकट तिथेच संपवावी. आणि फोनवर कुणी सांगितलंच, "येताना कचोरी आणा हं," तर त्याला स्पष्ट नाही म्हणावं. त्याच्यासाठी प्रसादाची पुडी न्यावी, ती टिकते.